मागच्या सीटवर सासरे

पहिलं सांगते, मी अजून घाबरते. चावी फिरवली की हात ओले होतात, ते मी साडीला पुसते आणि मग गिअर टाकते. शिकलं की भीती जाते म्हणतात, माझी नाही गेली. पण तिच्यावर आता राग येऊन बसलाय, आणि राग जड असतो, भीतीला हलू देत नाही. गाडी मी त्या रागावरच चालवते.

आमचं गाव शहादा तालुक्यात, कळसाडीच्या अंगाला, रस्त्यापासून आत. चारी बाजूंनी कापूस नाहीतर ऊस. नवरा सुरतला कामाला, महिन्या-दीड महिन्यानं येतो. दिवाळीत आला तेव्हा एक जुनी पांढरी गाडी घेऊन आला, मागच्या बाजूला पोचा आलेली, आणि अंगणात लावून चार दिवसांनी रेल्वेनं परत गेला. आता गाडी आहे आणि चालवणारं कोणी नाही. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ते ट्रॅक्टरसुद्धा शेतापुरताच चालवतात, रस्त्यावर काढत नाहीत, आणि कार त्यांनी जन्मात चालवली नाही. लोक यायचे, गाडीवर हात फिरवायचे, चहा प्यायचे, जायचे.

माझी मुलगी तेव्हा शहाद्याच्या शाळेत बालवर्गात होती. व्हॅन यायची. संक्रांतीनंतर एक दिवस व्हॅनवाला फाटकाशी थांबला आणि म्हणाला, "ताई, जूनपासून मी तुमच्या गावाले येनार नही. एकच पोर शे, आणि रस्ता असा का गाडीना जीव जास."

सासरे ओट्यावर होते. ते म्हणाले, "गावमा शाळा शे ना. तठे टाका." झालं. त्यांच्या दृष्टीनं विषय मिटला. गावातली शाळा वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण ती चौथीपर्यंत आहे, आणि चौथीच्या पुढं काय होतं ते मला माहीत आहे, मी त्यातनंच आलेय.

माझं माहेर तळोद्याकडं. गावात सातवीपर्यंत शाळा होती, आठवीला तळोद्याला जायचं, काळ्या-पिवळ्या जीपमधनं. आम्ही दोघी होतो. दुसरीचं दिवाळीनंतर लग्न झालं, मग मी एकटी. जीपमध्ये माणसं अशी भरायची की टपावर पण, मागं लोंबकळून पण. एका सोमवारी मी दप्तर भरलं, वेणी घातली, तर आई म्हणाली, राहू दे आता, तुझे बाबा नको म्हणतात, एकटी पोर त्या जीपमध्ये बरी दिसत नाही. बाबांनी मला काही विचारलं नाही, ते शेतात निघून गेले होते. माझी अर्धी आठवी तशीच राहिली. कोणी विचारलं किती शिकलीस, की मी आठवी म्हणते, अर्धी सांगत नाही.

म्हणून व्हॅनवाल्यानं सांगितलं त्या रात्री मी नवऱ्याला फोन केला आणि म्हटलं, मी गाडी शिकते. तो हसला. मग म्हणाला, शीक. सासऱ्यांना त्यानंच सांगितलं. सासऱ्यांनी सासूला सांगितलं आणि सासूनं मला सांगितलं, "ते म्हणतस, शाळा उघडाना आंगे शिकी गयी तं ठीक, नही तं पोरनं नाव गावमा." म्हणजे शाळा उघडायच्या आत.

आमच्या घरी हे असंच चालतं. सासरे माझ्याशी बोलत नाहीत आणि मी त्यांच्याशी बोलत नाही. भांडण नाही काही, रीतच आहे. सासरे समोर आले की पदर नाकापर्यंत ओढायचा, त्यांच्यासमोर खाटेवर बसायचं नाही, आणि काही सांगायचं असलं की सासूमार्फत. सहा वर्षं झाली लग्नाला. त्यांना भाजीत मीठ जास्त झालं तरी ते सासूला म्हणतात, "तिले सांग." मी चुलीपाशी दोन हातांवर असते, मला ऐकू आलेलं असतं, तरी सासू उठते, येते आणि सांगते.

तर मी शहाद्याला क्लास लावला. सकाळी मुलीच्या व्हॅनमध्येच बसून जायचं, ती शाळेत, मी क्लासला, दुपारी दोघी परत.

क्लासवाला पस्तिशीचा असेल. पांढरे बूट, गॉगल, बोलायला गोड. नवऱ्याशी फोनवर बोलला तेव्हा ताई-ताई, मॅडम-मॅडम. गाडीत बसल्यावर वहिनी. गाडीत आम्ही तिघी असायचो, एकीनं पुढं, दोघींनी मागं, पाळीपाळीनं. पहिल्याच दिवशी मी स्टेरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं तर म्हणाला, "वहिनी, स्टेरिंग शे ते, पोळपाट नही." मागच्या दोघी हसल्या. मी पण हसले. आता आठवलं की मला त्याच्यापेक्षा माझ्या त्या हसण्याचा जास्त राग येतो.

रोज काहीतरी. "भाकर थापानी नही वहिनी, गाडी वळावानी शे." "डोकामा काय शेण भरेल शे का." कधी आम्हाला त्याच्या घरची कामं. गॅसची टाकी आणायची, त्याची कोणी पाहुणी स्टँडवरनं उचलायची, वर म्हणायचा, ही पण प्रॅक्टिसच. आणि फोन. एक कान सतत फोनला.

आणि हात. गिअर टाकताना माझ्या हातावर हात. आधी वाटलं शिकवायची पद्धत असेल, कोणाला कसं कळणार, मी कुठं आधी शिकले होते. पण गिअर पडला तरी तो हात उठायचा नाही. सरळ रस्ता असला तरी उठायचा नाही. फोनवर बोलत असायचा आणि हात तिथंच, जणू स्वतःच्याच मांडीवर ठेवलाय. मागे बसणाऱ्या एकीला मी उतरल्यावर हळूच विचारलं. ती मोठी होती माझ्यापेक्षा, नवरा बँकेत. ती म्हणाली, "मन्हासंगे भी तसंच करस. तू काचमधून समोर दख, ध्यान देऊ नको." ती तरी काय करणार होती. घरी सांगितलं असतं तर क्लास माझा बंद झाला असता, त्याचा नाही. हे तिला पण माहीत, मला पण माहीत, आणि त्याला तर आमच्याआधी माहीत. त्याच्यावरच तर त्याचं चालायचं.

हाताचं मी नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. इथं पहिल्यांदा लिहितेय.

पण मी जात राहिले, कारण गाडी चालत होती. खरंच चालत होती. मी पहिला गिअर टाकायचे, ती झटका न देता निघायची. दुसरा, तिसरा. समोर म्हैस आली की थांबायची. मला वाटायचं, देवा, मला येतंय. व्हॅनमध्ये परत येताना मी मुलीला सांगायचे, आज मी प्रकाशा गावच्या रस्त्यापर्यंत गेले. ती शाळेत सगळ्यांना सांगायची, माझी मम्मी गाडी चालवते. घरी मी सासूला सांगितलं, सासूनं सासऱ्यांना. सासऱ्यांनी नाही म्हटलं नाही.

तेव्हा कारखान्याचा हंगाम होता. प्रकाशाच्या रस्त्याला उसाच्या डबल ट्रॉल्या, एकामागं एक, रस्त्याच्या बाहेर लोंबणारा ऊस. त्या दिवशी त्याचं फोनवर कोणाशी तरी वाजलं होतं. मी गिअर टाकायच्या आधी हात काढून घेतला, मुद्दाम, आणि त्याचा हात गिअरवर एकटाच राहिला. त्यानं माझ्याकडं बघितलं. थोडं पुढं गेल्यावर, समोरनं ट्रॉली येताना दिसत होती, त्यानं दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घातली. बूट घातलेली मांडी.

"ले वहिनी. आते तू चालाड."

मला कळलं नाही तो काय म्हणतोय. मी चालवतच होते. पुढं ट्रॅक्टर हळू झाला म्हणून मी ब्रेक दाबायला गेले, पायाला तो सापडेना, जे दाबलं त्यानं गाडीनं झटके दिले, एक, दोन, आणि रस्त्याच्या मधोमध, थोडी आडवी, बंद. समोरनं ट्रॉलीवाला हॉर्नवर हॉर्न. मागच्या दोघी किंचाळल्या. मी चावी फिरवत होते आणि गाडी पुढं उडी मारत होती, आणि तो मांडी घालून बसलेला, हसत होता.

"काय व्हयनं? रोज चालाडस ना?" मग पाय खाली सोडत म्हणाला, "आजपावत गाडी मीच चालाडी. तू नुसती स्टेरिंग धरीसन बठेल व्हती."

मी तेव्हा पहिल्यांदा खाली बघितलं, त्याच्या बाजूला. तिथं पण क्लच होता, तिथं पण ब्रेक होता. तशा गाड्यांना असतो म्हणे, अडीअडचणीला. मला माहीत नव्हतं. परक्या माणसाच्या पायाकडं कोण बघतं, आम्हाला नजर वर करायची चोरी, आणि खाली त्याच्या पायाकडं बघणं तर त्याहून वाईट. क्लच तो दाबायचा, ब्रेक तो दाबायचा, गिअरवर हात त्याचा. मी इतके दिवस फक्त रेस देत होते. त्यानं मला एक दिवस पण गाडी शिकवली नव्हती. तो मला फिरवत होता. आणि मी पोरीला सांगत होते की मी चालवते.

शाळेच्या फाटकाशी मी व्हॅनची वाट बघत उभी होते. मुलगी आली आणि म्हणाली, "मम्मी, आज कुठपर्यंत?" मी म्हटलं, पाणी पी.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. क्लासवाल्यानं नवऱ्याला फोन केला, स्वतःहून. म्हणाला, साहेब, तुमच्या मिसेसला जमणार नाही, फार घाबरतात, रस्त्याच्या मध्ये गाडी बंद पाडली, अपघात व्हायचा, मी होतो म्हणून वाचल्या. नवऱ्यानं मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, तो खोटं बोलतोय, ब्रेक त्याच्याकडं होता. नवरा म्हणाला, "जाऊ दे गं. सगळ्यांना जमतं असं नाही. चिडू नको." चिडू नको. माझ्या डोक्याच्या शिरा ताठल्या होत्या आणि हा म्हणतो चिडू नको. मी फोन ठेवला. पुढं आठ दिवस फोन वाजला की मी मुलीच्या हातात द्यायचे.

गाडीवर ताडपत्री टाकली. कोंबड्या तिच्यावर बसायला लागल्या. एकीनं वायपरपाशी अंडं पण घातलं. सासू ते अंडं घेऊन आत आली आणि म्हणाली, "घे माय, गाडीनी कमाई." ती मला टोचायला नव्हती म्हणाली, तिला खरंच हसू आलं होतं. पण मी न्हाणीत जाऊन रडले, आणि रडता रडता मला इतका राग आला की मी बादलीला लाथ मारली आणि अंगठा सुजला.

होळी झाली, गहू निघाला. शाळा सुटायला आली. मुलीनं एक दिवस गावातल्या शाळेच्या फाटकाशी उभं राहून मला विचारलं, "मी इथं येणार ना आता?" ती रडत नव्हती, नुसतं विचारत होती, जसं विचारतात आज भाजी काय. तिला चाललं असतं. मला पण तेव्हा, त्या सोमवारी, आईनं राहू दे म्हटल्यावर, वाटलं होतं की चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताडपत्री ओढून काढली.

कुठं गेले नाही. नुसती आत बसले, चावी फिरवली, क्लच दाबला, पहिला टाकला, क्लच सोडला. धडाक. बंद. परत. धडाक. बंद. कोंबड्या ओरडत पळाल्या. शेजारची भिंतीवरनं डोकावली. मी बंद केलं, आत गेले, भाकरी केल्या. दुसऱ्या सकाळी परत. असं रोज, भाकरीच्या आधी. गाडी हातभर पुढं जायची आणि बंद पडायची, मी ती ढकलून मागं न्यायचे. सासू मला येडी ठरवून म्हणायची, "गैबानी, गाडीले काय धक्के मारी ऱ्हायनी." पण गाडी मागं ढकलायला यायची.

सासरे ओट्यावर चहा पीत बसलेले असायचे, तोंड रस्त्याकडं. पदर नाकापर्यंत घेऊन मी आत. एक दिवस गाडी बंद पडली आणि ओट्यावरनं आवाज आला, मोठ्यानं, सासूला, "तिले सांग, कलच एकदम सोडस म्हणीसन बंद पडस. अर्ध्यावर धरानं, मंग सोडानं."

सासू भांडी घासत होती. राखेचे हात घेऊन उठली, गाडीपाशी आली, काचेवर टकटक केलं. "ते म्हणतस, कलच अर्ध्यावर धर."

मी धरला. गाडी थरथरली, आणि धडाक न होता, हळूच, म्हशीसारखी, निघाली. पपईच्या झाडापर्यंत गेली. मी ब्रेक मारला, तो माझा ब्रेक होता, माझ्याच पायाखाली. मी खाली बघून खात्री केली, शेजारची सीट रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी सासरे पुढच्या सीटवर येऊन बसले. धोतर सावरलं, समोर काचेकडं बघितलं. सासूला मागं बसवलं, तिच्या मांडीवर मुलगी. कारण सासू नसती तर ते मला सांगणार कसे. गव्हाचं रान मोकळं झालं होतं, तिथं गेलो.

लिहायला आता हसू येतं, पण तेव्हा माझा जीव जात होता. माझा पदर नाकापर्यंत, मला समोरचं दिसतं तेवढं पदराखालनं, बाजूचा आरसा तर दिसतच नाही. सासरे डावीकडं, काचेकडं तोंड करून सांगणार, "तिले सांग, दुसरा टाक." सासू मागनं, "दुसरा टाक, ते म्हणतस." सासरे, "तिले सांग, रेस कमी." सासू, "रेस कमी. आणि मी म्हणस, माले उतरू दे." मुलगी टाळ्या वाजवणार. दोन माणसांच्या मध्ये हातभर अंतर नाही, आणि शब्द मागच्या सीटवर फेरी मारून यायचा.

आणि सासरे शिकवायचे ट्रॅक्टरसारखं. त्यांच्या ट्रॅक्टरला डाव्या चाकाला वेगळा ब्रेक, उजव्याला वेगळा. वळताना ते म्हणायचे, "तिले सांग, डावा ब्रेक मार." सासू म्हणायची, "डावा ब्रेक मार." मी म्हणायचे, "नानी, एकच शे." सासू पुढं वाकून त्यांना, "ती म्हणस, एकच शे." तोवर वळण मागं गेलेलं.

बांधाच्या कडेला ठिबकच्या नळ्यांची गुंडाळी करून ठेवली होती, कापसाला परत अंथरायच्या म्हणून. त्या दिवशी मी तिसरा टाकला होता, पहिल्यांदा. वारा आत येत होता, पदर फडफडून डोळ्यांवर आला. मला काही दिसेना. सासऱ्यांना दिसलं. ते म्हणाले, "तिले सांग, ब्रेक."

सासूनं डोळे मिटून घेतलेले. तिसऱ्या गिअरला ती डोळे मिटूनच बसायची. ती म्हणाली, "काय?"

सासरे म्हणाले, "ब्रेक, ब्रेक. तिले सांग."

सासू म्हणाली, "ते म्हणतस—"

गाडी नळ्यांच्या गुंडाळीवर चढली, खाली कडकड आवाज झाला, नाक वर करून थांबली. मुलीचं कपाळ सीटला आपटलं. थोडंच, पण ती रडायला लागली. सासू देवीचं नाव घेत होती. सासरे काचेकडंच बघत होते, अजूनही, नळ्यांच्या ढिगाकडं, आणि म्हणाले, "तिले सांग, नळ्या गयात."

तेव्हा माझं डोकं फिरलं. मला वाटतं ते नळ्यांमुळं नाही, मुलीच्या कपाळामुळं पण नाही. मला क्लासवाल्याचे ते पांढरे बूट दिसले. एक माणूस शेजारी बसून माझ्या पायाखालचा ब्रेक काढून घेतो, दुसरा शेजारी बसून ब्रेक म्हणायला मागच्या सीटवर जातो. गाडी मात्र मीच ठोकलेली. मी पदर मागं टाकला, पार खांद्यावर. सासऱ्यांकडं तोंड केलं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"आबा, ब्रेक म्हणानं व्हई तं माले म्हना. नानीले नका सांगू. ब्रेकवर पाय मन्हा शे, नानीना नही."

मी ओरडले नाही. मला वाटलं होतं ओरडेन, पण आवाज बारीकच निघाला. मागं सासूचं देवीचं नाव बंद झालं.

सासऱ्यांनी दार उघडलं, उतरले, धोतर झटकलं आणि बांधावरनं घराकडं चालू लागले. माझ्याकडं बघितलं नाही. मी गाडीत बसून राहिले आणि मला वाटलं, संपलं. आता गावातली शाळा. आता सगळंच.

सासूनं मुलीचं कपाळ चोळलं. मग म्हणाली, "तोंड दखी लिधं त्यास्नी तुन्हं." मग थोड्या वेळानं, "मन्हं तं लगनमा बी नीट नव्हतं दखं." आणि ती हसायला लागली, तोंडावर पदर धरून, मला कळेना ही हसतेय की रडतेय.

आम्ही घरी आलो. सासरे जबडा हलवत नळ्या जोडत बसले, तुकडे कापून. जेवण मी वाढलं, पदर परत नाकापर्यंत. तीन-चार दिवस मी ताडपत्रीला हात लावला नाही. नवऱ्याला कोणीतरी कळवलं असणार, त्यानं फोन करून विचारलं, आबांना बोललीस का? मी म्हटलं, हो, बोलले.

मग एका सकाळी मी भाकरी करत होते आणि बाहेर ताडपत्रीचा आवाज आला. गेले तर सासरे गाडीत बसलेले. मागच्या सीटवर. माझ्या जागेच्या बरोब्बर मागं. पुढची सीट रिकामी. आणि त्यांनी गाडीतला मधला आरसा हात लांब करून छताकडं वळवून ठेवला होता.

मला समजायला वेळ लागला. मागं बसले म्हणजे त्यांना माझं तोंड दिसत नाही. आरसा वर केला म्हणजे आरशातून पण नाही. तोंड दिसत नाही म्हणजे मला पदर ओढायचं कारण नाही. आणि माझ्या पाठीशी बोललं तर ते बोलणं होत नसावं, त्यांच्या हिशोबानं. सासू दारातनं बघत होती, ती आली नाही, तिला कोणी बोलावलं पण नाही.

मी बसले. पदर खांद्यावर. मागनं आवाज आला, सरळ माझ्या कानाशी, "कलच."

बाकी काही नाही. तिले सांग नाही, माझं नाव नाही, नुसतं कलच. मग, "हाळू." मग, "दुसरा." फाट्यापर्यंत गेलो आणि आलो. लोकांनी बघितलं की हा म्हातारा साहेबासारखा मागं बसलाय आणि सून डोकं उघडं टाकून चालवतेय. पारावरच्या एकानं हाक मारली, "काय आबा, डायवर ठेवी लिधा का?" सासरे म्हणाले, "हा, ठेवी लिधा." मला राग यायला हवा होता. आला पण. पण त्या रागाचं पुढं काही झालं नाही, कारण समोर वळण होतं.

आरशाचा मात्र राग राहिला. मागचं दिसायला नको का? मागनं ट्रक आला तर? मी रोज मनात म्हणायचे, आज आरसा सरळ करते. हात वर जायचा नाही.

नंदुरबारला परीक्षेला गेले, नवरा रजा काढून आला होता. आठचा आकडा काढायचा असतो, पहिल्या वेळी खांबाला लागलं, नापास. नवरा म्हणाला, बघ, मी म्हटलं होतं. मी स्टेरिंगवर बसत म्हटलं, तू मागं बस. दुसऱ्या वेळी गेले तेव्हा पास झाले. तिथं मधला आरसा मीच सरळ केला होता, आणि घरी आल्यावर सासऱ्यांनी परत छताकडं केला.

शाळा उघडली. मुलीचं नाव शहाद्यातच राहिलं. पहिल्या दिवशी मुलगी पुढं बसली, पट्टा लावून, सासरे मागं. सोडायला नको म्हटलं तरी आले. मी चाळिसाच्या वर नेली नाही, मागचे हॉर्न मारत होते, मारू देत. शहाद्यात बाजारातल्या अरुंद रस्त्याला हातगाड्या, रिक्षा, सगळं तुंबलं. आणि समोरनं क्लासची ती गाडी आली. लाल अक्षरं लावलेली, टपावर पाटी. ती पण अडकली, माझ्या बाजूलाच, काचेला काच.

स्टेरिंगवर एक नवीन पोरगी होती. लग्न नवीन असावं, हातात हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत. दोन्ही हातांनी स्टेरिंग घट्ट. शेजारी तो. फोन कानाला, एक हात गिअरवर, तिच्या हातावर.

माझे हात ओले झाले. त्यानं मला बघितलं, ओळखायला थोडा वेळ लागला, मग हसला. "अरे वहिनी. शिकी गयात का? कोनी शिकाडं?"

परक्या माणसाशी सासऱ्यांसमोर बोलायची आमच्याकडं पद्धत नाही. मी त्याच्याशी बोललेच नाही. मी काच खाली केली आणि त्या पोरीला म्हटलं, "ताई, खाली दख. त्याना पाय कोठे शे ते दख."

तिला कळलं नाही. माझ्याकडं बघत राहिली. मी परत म्हटलं, हळूच, "गाडी तू चालाडस का तो, ते दख. आनि हात उचलाले सांग त्याले."

तिनं खाली बघितलं. मग हाताकडं बघितलं. तो म्हणाला, "ए, समोर दख तू." पण त्याचा हात गिअरवरनं उठला होता.

मागनं हॉर्न सुरू झाले, पुढची रिक्षा हलली. माझा क्लच सुटेना. मागच्या सीटवरनं आवाज येईल असं वाटलं, कलच, हाळू, पण काही आलं नाही. मग मी हात वर नेला आणि छताकडं वळवलेला आरसा खाली ओढला, कारण मागं किती गाड्या आहेत ते मला बघायचं होतं. आरशात सासऱ्यांचं तोंड आलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. ते त्या माणसाच्या गाडीकडं बघत होते, काचेतून, टक लावून, आणि त्यांचा जबडा हलत होता, जसा नळ्या जोडताना हलत होता.

मुलगी म्हणाली, "मम्मी, घंटा होईल."

मी पहिला टाकला. शाळेच्या फाटकाशी मुलगी उतरली, पळत गेली, वळून पण बघितलं नाही. परत येताना सासरे सगळा रस्ता खिडकीतून बाहेर उसाकडं बघत बसले. आरशाला त्यांनी हात लावला नाही.

आता तो तसाच असतो, सरळ. क्लासवाल्याची गाडी अजून त्याच बाजारात दिसते, अधूनमधून, कधी एक बाई, कधी दुसरी. मी अजून घाबरते, तो समोर आला की जास्तच. पण त्याची गाडी दिसली की मी काच खाली करते.